पोरगी कुठं टाकली?

जून लागला की आमच्या नागपुरात दोनच विषय असतात, पाऊस कधी येणार आणि पोरगी कुठं टाकली. कूलरच्या टाकीत पाणी सोडता सोडता शेजारच्या काकू कंपाउंडवरून विचारतात, ऑफिसात चहाच्या वेळी विचारतात, लग्नात पंगतीला बाजूला बसलेला ओळख ना पाळख माणूससुद्धा विचारतो. आणि उत्तर एका शब्दात पाहिजे असतं. पुणे म्हटलं की मान डोलते, व्हीएनआयटी, म्हणजे इथलं केंद्राचं इंजिनिअरिंग कॉलेज, म्हटलं की भुवया वर जातात, आणि "इथंच, युनिव्हर्सिटीत, एमएस्सी" म्हटलं की एक लांबट "अच्छाऽऽ" येतं. तो अच्छा ज्यानं ऐकलाय त्यालाच कळेल मी काय म्हणून राहिली आहे ते.

यंदा आमच्या घरात हा विषय भाचीमुळे आला. ताई आणि भाऊजी वरोऱ्याला असतात, भाऊजी कास्तकार, कापूस-सोयाबीन आणि धुऱ्याला थोडी तूर. भाचीनं तिकडेच बीएस्सी केलं, भूशास्त्र घेऊन, आणि शेवटचा पेपर झाल्याबरोबर बॅग उचलून माझ्याकडे त्रिमूर्ती नगरला आली. डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडा, बाजूला मुरमुऱ्याचा चिवडा, आणि स्क्रीनवर आलटून पालटून दोन टॅब. एकात इथल्या विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग. दुसऱ्यात पुण्याच्या पुढे हायवेला लागून असलेलं एक खासगी विद्यापीठ, तिथं डेटा सायन्सचं एमएस्सी. जॅम पण दिली होती तिनं, आयआयटीतल्या एमएस्सीची परीक्षा, पण रँक मागे राहिली, तो टॅब तिनं बंदच करून टाकला आणि आम्हीही त्याबद्दल बोललो नाही.

मला विचारण्याचं कारण एवढंच की मी बँकेत आहे, एज्युकेशन लोनच्या फायली माझ्या टेबलावरून जातात, त्यामुळे आमच्या अख्ख्या खानदानाचा समज झालाय की मला सगळी कॉलेजं आतून माहीत आहेत. अरे बापा, मला कॉलेजं नाही, फायली माहीत असतात. ऑफर लेटर, फी स्ट्रक्चर, आईबापाचं उत्पन्न, सातबारा, पॅन. चार लाखांपर्यंत मार्जिन, म्हणजे स्वतःच्या खिशातला वाटा, नाही, साडेसात लाखांपर्यंत तारण नाही, कोर्स संपून वरती एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, पण व्याज मात्र पहिल्या दिवसापासून लागत असतं, हे मी झोपेतही म्हणून दाखवीन आणि निम्मे बाप हे शेवटचं वाक्य ऐकतच नाहीत. २०२४ च्या नोव्हेंबरात पीएम विद्यालक्ष्मी ही केंद्राची शिक्षण-कर्जाची योजना आली, तेव्हापासून तर आणखी एक यादी आली, सुरुवातीला ८६० संस्थांची, त्यात नाव असलं की तारण नाही, जामीनदार नाही, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट. ही यादी मुख्यतः एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकार कॉलेज-विद्यापीठांचं करतं त्या रँकिंगवरून बनते. म्हणजे रँकिंग आता नुसतं पेपरात वाचायची गोष्ट राहिली नाही, ते थेट हप्त्यात उतरतं.

पण इतक्या फायली डोळ्यांखालून गेल्यावर एक जाणवतंच, की पोराला तिथं प्रत्यक्ष शिकवणार कोण याचा रकाना कुठल्याच फॉर्मात नाही. बँकेच्या नाही, रँकिंगच्या नाही, आणि होर्डिंगवर तर नाहीच नाही.

रँकिंगवर माझा राग नाहीये. एनआयआरएफ २०१५ ला जाहीर झालं, पहिली यादी २०१६ ला आली, आणि त्याआधी आपण फक्त शेजाऱ्याच्या मुलाच्या पगारावरून कॉलेज ठरवायचो त्यापेक्षा हे बरंच आहे. शंभरातले तीस टक्के वजन शिक्षक आणि सोयींना, तीस संशोधनाला, वीस मुलं पास होऊन पुढे काय करतात त्याला, दहा मुली, गरीब घरची, बाहेरच्या राज्यांतली मुलं वगैरे किती आहेत त्याला, आणि दहा लोकांचं त्या संस्थेबद्दल काय मत आहे त्याला. बरीचशी माहिती संस्थाच भरून पाठवते, आणि गंमत तिथंच आहे, कारण ती भरलेली माहिती संस्थेला स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. कुठंतरी खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात एनआयआरएफ लिहिलेलं असतं तिथं क्लिक करायचं, एक कंटाळवाणी पीडीएफ उघडते. त्यात वर्षनिहाय लिहिलेलं असतं की किती मुलांनी प्रवेश घेतला, त्यातली किती ठरलेल्या मुदतीत पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली, आणि नोकरी लागलेल्यांचा मीडियन पगार किती. मीडियन म्हणजे सगळ्यांना पगाराच्या क्रमानं ओळीत उभं केलं तर बरोबर मधोमध उभा असलेल्याचा पगार. होर्डिंगवर असतो तो ओळीच्या टोकाला उभ्या असलेल्या एकाचा. त्या पुण्याकडच्या विद्यापीठाची पीडीएफ भाचीनं उघडली तेव्हा मधल्याचा पगार होर्डिंगच्या आसपाससुद्धा नव्हता, आणि डेटा सायन्सचं एमएस्सी इतकं नवीन होतं की त्याची एकही बॅच अजून बाहेर पडलेली नव्हती. म्हणजे भिंतीवरचे हसरे चेहरे दुसऱ्याच कोर्सचे.

संस्थांना ग्रेड देणाऱ्या नॅकचं पण तसंच. चारपैकी ३.५१ किंवा वर गेलं की ए प्लस प्लस, आणि मग गेटवर भलं मोठं बॅनर. भाऊजींना ते फार भारी वाटलं. मी त्यांना सांगितलं की २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयनं नॅकच्याच एका तपासणी समितीतल्या लोकांना लाचेच्या प्रकरणात अटक केली होती, पेपरात आलं होतं, तर ते म्हणाले, "मंग विश्वास ठेवाचा तरी कोनावर?" प्रश्न बरोबर आहे. सगळ्याच ग्रेड खोट्या आहेत असं मी म्हणत नाही, पण ती ग्रेड मिळते संस्थेला आणि आपली पोरगी बसणार एका विभागात, ज्यात चार खोल्या आणि पाच-सहा माणसं. अख्खं विद्यापीठ ए प्लस प्लस असून त्या चार खोल्यांना कुलूप असू शकतं.

तर पुण्याला जाऊन आलो. भाची, ताई आणि मी. त्यांनी "कॅम्पस व्हिजिट" ठेवली होती, आणि खोटं कशाला बोलू, कांदेपोह्याचा कार्यक्रम असतो ना मुलगी बघायचा, अगदी तसंच वाटलं मला, फक्त पोहे आपल्याला खाऊ घालत होते आणि नटूनथटून बसलेले तेच. एसी सेमिनार हॉल. सॅम्पल म्हणून दाखवायची हॉस्टेलची एक खोली, जिच्यात कुणीच राहत नव्हतं हे बेडवरच्या प्लास्टिकवरून दिसत होतं. कंपन्यांच्या लोगोंची भिंत. एक टापटीप मुलगा आम्हाला फिरवत होता, फार गोड बोलत होता, ताईला दर दोन वाक्यांनी "मॅम" म्हणत होता, आमची ताई आयुष्यात पहिल्यांदा मॅम झाली आणि खूश झाली. मी त्याला विचारलं की डेटा सायन्सला शिकवतं कोण, भेटता येईल का. तो म्हणाला "फॅकल्टी इंडस्ट्रीतून येते मॅम". कोणत्या दिवशी येते? तर तो म्हणाला, विचारून सांगतो. त्यानं काही सांगितलं नाही. वर मूळ मार्कशीट "व्हेरिफिकेशनसाठी" जमा करून जा म्हणाले, तेव्हा मात्र माझ्यातली बँकवाली जागी झाली. यूजीसीनं २०१८ ला स्पष्ट सांगून ठेवलंय की मूळ कागद बघायचे, झेरॉक्स घ्यायची आणि परत द्यायचे, ठेवून घ्यायचे नाहीत. कुणाच्याही लेकराच्या अ‍ॅडमिशनला जात असाल तर एवढं एक ध्यानात ठेवा, कागद हातातून सोडू नका, नंतर कॅन्सल करायचं म्हटलं की त्या कागदांसाठी फिरवतात.

आल्यावर मग फोन सुरू झाले. "मॅम सीट होल्ड करून ठेवलीय, स्कॉलरशिप आज रात्री बारापर्यंतच आहे." ती स्कॉलरशिप दुसऱ्या दिवशीही होती. तिसऱ्या दिवशी थोडी वाढली.

आता माझ्याकडून अन्याय होऊ नये म्हणून हेही लिहिते, की तिथली लायब्ररी रात्री अकरापर्यंत उघडी असते आणि ती भरलेली होती. पोरं वाचत होती. मुली रात्री दहाला कॅम्पसमध्ये आरामात फिरत होत्या. भाची ते सगळं बघत होती, तिची नजर मला दिसत होती, आणि तेव्हा मला वाटलं की तिला लायब्ररी आवडली. ते नंतर वेगळंच निघालं.

इथल्या विद्यापीठाबद्दल नागपूरकरांचं जे मत आहे ते मोठं मजेदार आहे. १९२३ च्या ऑगस्टमध्ये स्थापन झालेलं, शंभरी पार केलेलं, २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव असलेलं हे विद्यापीठ आपल्यातल्या बहुतेकांनी आतून पाहिलेलंच नाही. माझी बीकॉमची डिग्री याच विद्यापीठाची, आणि मी विद्यापीठात गेले असेन तर ती डिग्री आणायला, बस. शिकलो आपापल्या कॉलेजात, कुणी धरमपेठेत, कुणी काँग्रेसनगरला, कुणी काटोल-उमरेडला, विद्यापीठानं सिलॅबस ठरवला, पेपर काढले, निकाल लावला. तेव्हा "नागपूर युनिव्हर्सिटी कशी आहे" याचं आपलं उत्तर म्हणजे निकालाच्या दिवसांतल्या आठवणी असतात. पण पदव्युत्तर विभाग ही वेगळी दुनिया आहे, तिथं विद्यापीठ स्वतः शिकवतं, आणि तिथला एक विभाग आणि शेजारचा दुसरा विभाग यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. एखाद्या ठिकाणी कायम प्राध्यापक, एखाद्या ठिकाणी सगळा कारभार तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे आपण ज्यांना सीएचबीवाले म्हणतो त्यांच्या जिवावर. राज्यभरातल्या सरकारी विद्यापीठांत जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत हे काही गुपित नाही. सीएचबीवाले वाईट शिकवतात असं अजिबात नाही, कितीतरी ठिकाणी तेच मन लावून शिकवतात, पण तासाला इतके पैसे अशा हिशेबावर असलेल्या माणसाला पुढच्या वर्षी आपण इथं असू का हेच माहीत नसतं, मग तो तुमच्या डिसर्टेशनला दोन वर्षं कसा पुरणार. म्हणून विचारायचंच, की कायम किती, सीएचबी किती, आणि यंदा निवृत्त कोण होतंय.

तर आम्ही असंच एका मंगळवारी सकाळी गेलो. काही ओपन डे वगैरे नव्हता, कुणाला सांगितलं नव्हतं. लॉ कॉलेज चौकाजवळ स्कूटी लावली आणि आत शिरलो. ऊन असं की हँडलला हात लावता येत नव्हता. जुन्या पद्धतीची उंच छताची इमारत, लांब व्हरांडा, व्हरांड्यात काचेची कपाटं आणि कपाटांत दगड, दगडांखाली चिठ्ठ्या, काही चिठ्ठ्या टाइपरायटरच्या. ताई आली नव्हती ते बरंच झालं, तिला हे पाहून रडू आलं असतं.

परीक्षा आटोपल्यामुळे वर्ग नव्हते, पण प्रयोगशाळेचं दार उघडं होतं आणि आत एक लॅब अटेंडंट काका मशीनपुढे बसून काहीतरी घासत होते. भाचीनं दारातून विचारलं, "काका, थिन सेक्शन करून राहिले का?" आणि काकांनी मान वर करून पाहिलं, की हा शब्द माहीत असलेली ही कोण. मग पुढचा वेळ कसा गेला मला कळला नाही. मी कॉमर्सवाली, तर माझ्यासारख्यांसाठी सांगते. दगडाची एक चकती कापायची, ती काचेच्या पट्टीवर चिकटवायची आणि कार्बोरंडमच्या पावडरीवर पाण्यात घासत घासत इतकी पातळ करायची की तिच्यातून उजेड आरपार जायला पाहिजे. ०.०३ मिलिमीटर. आपल्या बाजूचाच, पश्चिमेकडचा काळा बेसॉल्ट होता तो, ज्याची खडी आपण रस्त्यावर टाकतो. काकांनी पट्टी मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि भाचीला म्हणाले बघ. ती बघत राहिली. मग मला बोलावलं. खडीचा दगड, बाहेरून निव्वळ काळा, आणि आत पांढऱ्या-काळ्या पट्ट्यापट्ट्यांच्या बारीक काड्या इकडेतिकडे पडलेल्या आणि मधेमधे निळे, गुलाबी, पिवळे तुकडे, टेबल गोल फिरवलं की रंग विझायचे, पुन्हा पेटायचे. काड्या म्हणजे प्लॅजिओक्लेज, रंगीत ते पायरॉक्सिन, हे भाचीनं सांगितलं. मग तिनं काकांना विचारलं की बरोबर ०.०३ झालं हे कळतं कशावरून, मोजता कसं. काका म्हणाले, "मोजत नाही बेटा, रंग पाहतो. ह्या काड्या पिवळसर दिसल्या का समजायचं अजून जाड आहे. करड्या-पांढऱ्या झाल्या का हात थांबवायचा. एक फेरी जास्त झाली का सगळं गेलं."

भाचीनं विचारलं, मी करून पाहू का. काका म्हणाले, अ‍ॅडमिशन घे मग कर.

तेवढ्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली, रेकॉर्ड बुक घ्यायला. मी मुद्दाम तिलाच पकडलं. माझं एक मत आहे, नुकतीच अ‍ॅडमिशन घेतलेल्यांना विचारू नये कारण त्यांना आपण घेतलेलं बरोबरच वाटत असतं, आणि संस्थेनं पुढे केलेल्याला तर विचारूच नये. दोन-तीन सेमिस्टर काढलेलं, परीक्षेनं पिचलेलं, नोकरीच्या काळजीत असलेलं पोरगं खरं बोलतं. ती खरंच बोलली. म्हणाली कंपन्या इथं रांगा लावत नाहीत, कॅम्पस प्लेसमेंटची आशा धरून येऊ नको. जिओ-सायंटिस्टची यूपीएससी, नेट, गेट, हे तुझं तुलाच करायचं आहे, ग्रुप करून करतात मुलं. सर शंका विचारायला केव्हाही बसू देतात. शिकवणं इंग्रजीत, समजावणं मराठी-हिंदीत. फील्डला जावंच लागतं, उन्हात. मुलींसाठी बाथरूमचा प्रश्न फील्डवर असतोच, सवय होते. हे शेवटचं कुठल्या ब्रोशरमध्ये असतं सांगा.

घरी येताना भाची मागच्या सीटवरून बोलत होती, रविनगर, शंकरनगर, बजाजनगर, सिग्नलला पण थांबत नव्हती. नागपूर कसं बरोबर सांध्यावर बसलंय, पश्चिमेला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसॉल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक, उत्तरेला कामठीचा वाळूचा दगड ज्यात झाडांच्या पानांचे ठसे सापडतात, मनसरला मँगनीज, उमरेडला कोळसा. आपण ज्याच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज म्हणतो तो स्टीफन हिस्लॉप मिशनरी होता खरा, पण या भागातले जीवाश्म पहिल्यांदा गोळा करून जगापुढे नेणाऱ्यांत तोच होता, १८६३ ला टाकळघाटची दगडांची वर्तुळं बघून परतताना ओढ्यात बुडून गेला. आणि त्यांच्या वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं सापडलीत, हाडंच नाही तर दगड झालेलं शेणसुद्धा. हे मी भाऊजींना फोनवर सांगितलं तर ते एक मिनिट गप्प राहिले आणि म्हणाले, "दगडच पाहाचे हायेत तर आपल्या वावरात काही कमी हायेत का? इथंच राहा म्हना. फुकटात."

माझ्या डोक्यात मात्र तेव्हा एक गोष्ट पक्की व्हायला लागली होती. विषयाचं आणि गावाचंही काही नातं असतं. इंडियन ब्यूरो ऑफ माइन्सचं मुख्यालय नागपुरात, १९४८ पासूनची संस्था. मँगनीजवाली मॉइल नागपुरात, कोळसावाली वेकोलि नागपुरात, जिऑलॉजिकल सर्व्हेचं मध्य विभागाचं ऑफिस सेमिनरी हिल्सला, केंद्रीय भूजल मंडळाचं सिव्हिल लाइन्सला, माती-सर्वेक्षणवाले अमरावती रोडवर, आणि उपग्रहाच्या नकाशांचं काम करणारं एमआरसॅक व्हीएनआयटीच्या आवारात. ऑफिसं गावात आहेत म्हणून नोकरी मिळत नाही, हे कळतं मला, माझ्या फायली मला एवढं शिकवून गेल्यात. पण डिसर्टेशनला विषय पाहिजे असतो, डेटा पाहिजे असतो, कुणाच्या तरी केबिनबाहेर जाऊन बसायचं असतं, ते इथं सिटी बसच्या तिकिटात होतं. डेटा सायन्स जगात कुठंही बसून शिकता येईल, आणि चांगलं शिकवणारं असेल तर जरूर शिकावं. पण हा विषय शिकायला हे गाव कुठल्याही रँकिंगच्या पुढे आहे, आणि ते आम्हा नागपूरकरांना माहीतच नाही, आम्ही तो दगड बंगल्याच्या पायात घालतो.

एवढं सगळं असून भाची "हो" म्हणत नव्हती. थिन सेक्शन पाहून वेडी झालेली पोरगी पुन्हा तो पुण्याचा टॅब उघडून बसायची. फीचा आकडा तिला माहीत होता, तिथली एका सेमिस्टरची फी भरायची तर इथलं अख्खं एमएस्सी होऊन वर पैसे उरतात. तरी. मी कणीक मळत होते आणि ती कोथिंबीर निवडत होती तेव्हा विचारलं, की तुला नक्की तिथं काय आवडलं ते सांग, माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी सांग. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, रागावू नको. इथं घेतलं तर मला तुझ्याकडे राहावं लागंल ना."

अच्छा. (माझा पण तोच.)

म्हणजे ती लायब्ररी नव्हती, रात्री दहाला एकटी फिरणारी मुलगी होती. घरून कॉलेज, कॉलेजातून घर, उशीर झाला की फोन, कुणासोबत होतीस, जेवली का, हे तिनं वरोऱ्याला एकवीस वर्षं केलं होतं आणि माझ्याकडे ते पुन्हा दोन वर्षं होणार होतं, कारण मी कितीही मॉडर्न म्हटलं तरी सात वाजले की मी फोन करतेच. पुण्याचं विद्यापीठ तिला नकोच होतं. तिला स्वतःची खोली आणि स्वतःची चावी पाहिजे होती आणि ती मिळवायचा एकच रस्ता तिला माहीत होता, सातशे किलोमीटर लांब अ‍ॅडमिशन घेणं. आपल्याकडे मुलींना घरातून बाहेर पडायला शिक्षण नाहीतर लग्न हेच पासपोर्ट आहेत, मग बिचाऱ्या विद्यापीठाच्या निवडीवर हे सगळं येऊन पडतं. मुलाला डेटा सायन्स आवडतं की पुणे आवडतं की बाप नसलेलं गाव आवडतं, हे वेगवेगळं करून कुणी विचारतच नाही. फाइलवर मात्र कोर्सचं नाव येतं आणि हप्ता त्याचाच बसतो.

मला वाईट वाटलं नाही म्हणणार नाही. पण त्यानंतरचं सोपं होतं. भरतनगरकडे मुलींसाठी खोल्या मिळतात, विभागात पायी जाता येतं, आणि त्या भाड्यासकट सगळा हिशेब पुण्याच्या निम्म्यातही नव्हता. ताईला पटवायला वेळ लागला. "सख्खी मावशी गावात असताना पोरगी भाड्याच्या खोलीत? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील ते मी ऐकून घेईन म्हटलं. भाऊजींना उलट लगेच पटलं, ते म्हणाले शेतकऱ्याच्या पोरांना पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह भत्ता मिळते म्हणतात, त्याचा फॉर्म कुठं भराचा ते पाहा. महाडीबीटीवर तो फॉर्म भरताना साइटनं जे छळलं त्यावर वेगळा लेख होईल, तो नंतर.

तिच्या बीएस्सीतल्या मैत्रिणीनं मात्र तेच पुण्याचं खासगी विद्यापीठ घेतलं, डेटा सायन्सच. तिला गणित मनापासून आवडतं, घरून पैशाची अडचण नाही, कोडिंग ती आधीपासून करायची आणि नागपूर-वरोऱ्याच्या उन्हात दगड शोधत फिरणं तिला कधीच जमलं नसतं. ती मजेत आहे. तिचे इंडस्ट्रीवाले सर शनिवारी खरंच येतात म्हणे, आणि चांगलं शिकवतात. त्या टापटीप मुलानं तेवढं तरी सांगायला पाहिजे होतं.

आमची मात्र इथं रुळली आहे आणि कुरकुर पण सुरू झाली आहे, मेसच्या भाजीबद्दल, रूममेटच्या रात्रीच्या फोनबद्दल, रेकॉर्ड बुकमध्ये पन्नास आकृत्या हातानं काढाव्या लागतात त्याबद्दल. माझ्याकडे रविवारी येते, कपडे मशीनला लावते, जेवते आणि सातच्या आत निघून जाते, मी फोन करायच्या आधी.

मागच्या आठवड्यात भाऊजींचा मला फोन आला. वावरात बोअर मारायचा आहे, पाणाड्या नारळ हातावर ठेवून जागा दाखवून गेलाय, पण आता घरात भूशास्त्र आहे तर विचारून पाहा म्हणे. मी म्हटलं भाऊजी, तिचं पहिलंच सेमिस्टर आहे. तर म्हणाले, "मंग तिच्या सरांना विचाराले सांगा, फी भरली ना आपन." तिनं खरंच विचारलं. सरांनी सांगितलं की जागा अशी फोनवर सांगता येत नाही, आधी आजूबाजूच्या विहिरींची माहिती आणा, कुठली किती खोल, किती फुटांवर काय दगड लागला, पाणी कितीवर आहे आणि कोणत्या महिन्यात आटतं. तेव्हापासून भाऊजी वही घेऊन धुऱ्याधुऱ्यानं फिरून राहिले आहेत. बारा-तेरा विहिरी झाल्यात. शेजारच्यानं त्याची साठ फूट सांगितली, पण ती चाळीसच्या वर नसेल असं त्यांचं म्हणणं आहे, आणि आता स्वतः दोर सोडून मोजायला म्हणून ते उद्या सकाळी पुन्हा जाणार आहेत.